चकवा नेमका कसा लागतो?

शनिवारी रात्री हिंजवडीच्या चौकातून बाहेर पडणाऱ्या कितीतरी गाड्यांत पाठीवरच्या सॅक, टॉर्च आणि ट्रेकचे बूट असतात. तिकोना, तुंग, राजमाची, अंधारबन. आठवडाभर संगणकासमोर बसलेली ही मुलं मध्यरात्रीच पायथ्याशी पोचतात आणि अंधारातच चढायला लागतात. त्यांतला एखादा गट वाट चुकतो. तास-दीड तास चालतो आणि मघाशी पाणी प्यायला थांबलो होतो त्याच दगडापाशी पुन्हा येऊन उभा राहतो. एकदा झालं तर हसण्यावारी नेता येतं, दुसऱ्यांदा तोच दगड समोर आला की कुणी हसत नाही. सकाळी खालच्या वाडीत चहा पिताना ही हकिगत सांगितली, तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना तिचं काहीच नवल वाटत नाही. "चकव्यानं फिरवलं तुम्हाला," एवढं म्हणून ती आपल्या कामाला लागतात.

वेताळ, मुंजा, खविस यांच्या पंगतीत चकव्याचं नाव घेतात, पण त्याची रीत निराळी. तो अंगात येत नाही की मानगुटीवर बसत नाही. तो फक्त वाट हरवायला लावतो. त्याच्या गोष्टी मावळात ऐका, कोकणात ऐका किंवा विदर्भातल्या जंगलाकाठच्या गावात ऐका, तपशील तेच निघतात. वेळ तिन्हीसांजेनंतरची किंवा दाट धुक्याची. रान बहुतेकदा ओळखीचंच. माणूस चालतोय सरळ, पण येतोय त्याच जागी. आणि उजाडल्यावर बघावं तर वाट हाकेच्या अंतरावर.

हे तपशील मला फार मोलाचे वाटतात, कारण त्यांतला जवळजवळ प्रत्येक आज तपासून खरा ठरलेला आहे. कोण फिरवतं याचं उत्तर बदललं, तरी माणूस फिरतो ही नोंद पक्की आहे.

जिनांचा वाडा

आपल्याकडे हे झाडी आणि धुक्यात घडतं. ज्या मुलखात झाडी नाही आणि धुकंही नाही, तिथेही हीच गोष्ट सांगतात. लिबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सहारा वाळवंटात, गात नावाचं गाव आहे. त्याच्या उत्तरेला इदिनेन हा वालुकाश्माचा डोंगर सपाट वाळवंटातून उभा राहतो. वाऱ्यावाळूने झिजून त्याच्या माथ्यावर बुरूज आणि तटबंदीचे आकार तयार झाले आहेत. तिथले तुआरेग लोक मानतात की हा जिनांचा वाडा आहे आणि माणसाने तिथे जाऊ नये.

१८४६ साली जेम्स रिचर्डसन हा इंग्रज प्रवासी कुतूहलापोटी एकटाच त्या डोंगराकडे गेला. परतताना वाट चुकला आणि रात्रभर भटकून सकाळी कसाबसा काफिल्याला येऊन मिळाला. चार वर्षांनी, १८५० च्या जुलैत, त्याच रिचर्डसनच्या मोहिमेतला हाइनरिश बार्थ हा जर्मन संशोधक पुन्हा तिकडे निघाला. तुआरेग वाटाड्याने सोबत यायला साफ नकार दिला. बार्थ थोडी बिस्किटं, खजूर आणि जरासं पाणी घेऊन एकटा गेला. जवळ वाटणारा डोंगर जवळ येईचना. मध्ये खोलगट भाग लागला, ऊन चढलं, आणि माथ्यावर पोचेपर्यंत पाणी संपत आलं. उतरल्यावर काफिला कुठल्या दिशेला आहे ते उमगेना. त्याने पिस्तुलाचे बार काढले, पण उत्तर आलं नाही. रात्री लांबवर जाळ दिसला, पण उठून तिथवर जाण्याचं त्राण उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो एका निष्पर्ण झाडाच्या तुटपुंज्या सावलीबरोबर सरकत पडून राहिला आणि तहान असह्य झाली तेव्हा स्वतःचंच रक्त चोखलं. शेवटी उंटावरून जाणाऱ्या एका तुआरेगने त्याला पाहिलं म्हणून तो वाचला.

एकाच डोंगराने दोन अनुभवी प्रवाशांना चार वर्षांच्या अंतराने चकवलं. तुआरेगांच्या दृष्टीने त्यांची समजूत सिद्धच झाली. आपण मात्र या घटनेचे धागे सोडवून पाहू शकतो.

पहिला धागा अंतराचा. समोरचा डोंगर किती लांब आहे हे मेंदू बऱ्याच अंशी धूसरपणावरून ठरवतो. हवेतली वाफ आणि धूळ यांमुळे लांबचा डोंगर फिकट निळसर दिसतो, जवळचा ठसठशीत. वाळवंटातली कोरडी हवा स्वच्छ असली की लांबचाही डोंगर ठसठशीत दिसतो आणि मेंदू त्याला जवळ ओढतो. मापाला झाडी नाही, घर नाही, गुरं नाहीत, त्यामुळे चूक दुरुस्त व्हायला जागाच राहत नाही. परतीच्या पावसाने हवा धुऊन काढल्यावर आपल्याकडेही तसंच होतं. ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी पवन मावळातल्या कुठल्याही उंचवट्यावरून पाहिलं की तुंग आणि तिकोना उगाचच जवळ आलेले वाटतात.

दुसरा धागा पाण्याचा. भर उन्हात चढण चढणाऱ्या माणसाला तासाला सुमारे लिटरभर घाम सहज येतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सव्वा लिटरच्या आसपास, की लक्ष विचलित व्हायला लागतं आणि निर्णय चुकायला लागतात. वाट शोधायला सगळ्यात जास्त जे लागतं, तेच आधी जातं.

तिसरा धागा सगळ्यात महत्त्वाचा, आणि सह्याद्रीतला चकवा त्यावरच उभा आहे.

सरळ चालणं इतकं अवघड का?

जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत यान सोमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न घेतला आणि २००९ साली त्याचं उत्तर प्रसिद्ध केलं. त्यांनी माणसांना एका मोठ्या सपाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. अंगावर जीपीएस यंत्र होतं. ज्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, त्या दिवशी चालणारे चारही जण गोल फिरले. आपलीच वाट ओलांडली तरी त्यांना पत्ता लागला नाही. ज्या दोघांना सूर्य दिसत होता, ते जवळजवळ सरळ गेले.

मग हाच प्रयोग सहारात, ट्युनिशियाच्या बाजूला झाला. रात्री चालणारा माणूस चंद्र दिसत होता तोवर नीट गेला. चंद्र ढगाआड गेल्यावर तो वळत वळत आल्या दिशेलाच तोंड करून चालू लागला. दुसऱ्या एका प्रयोगात डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसांची गत तर आणखी वाईट. काहींचे फेरे अवघ्या वीस मीटर व्यासाचे झाले, आणि बराच वेळ चालूनही ते निघाल्या जागेपासून फारसे लांब गेले नाहीत.

एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा लांब किंवा बळकट असतो म्हणून माणूस एका अंगाला वळतो, असं पूर्वी सांगितलं जायचं. या प्रयोगात ते टिकलं नाही. तोच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे. तेव्हा कारण पायांत नसून डोक्यात आहे.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. पहिल्या ठिपक्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं अंदाजाने टाकत गेलं तर प्रत्येक ठिपका मागच्याच्या रेषेत दिसतो, पण विसाव्या ठिपक्याला ओळ तिरकी झालेली असते. ओळ सरळ हवी तर नजर समोरच्या उंबऱ्यावर किंवा फरशीच्या कडेवर ठेवावी लागते. चालतानाही मेंदू 'समोर' म्हणजे कुठे याचा हिशेब पावलागणिक मागच्या पावलावरून मांडतो. त्यासाठी तो तीन ठिकाणची खबर घेतो. डोळ्यांपुढून मागे सरकणारं दृश्य ही एक. स्नायू आणि सांध्यांकडून येणारी जाणीव ही दुसरी. तिसरी कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांची. त्यांत द्रव असतो, डोकं वळलं की तो मागे रेंगाळतो आणि त्यावरून वळण कळतं. पण वळण अगदी मंद असेल तर या नळ्यांना त्याची दादही लागत नाही. या तिन्ही खबरींत बारीकशी चूक कायम असते. दूरवर न हलणारी खूण दिसत असेल, म्हणजे सूर्य, चंद्र, एखादा सुळका किंवा लांबचा दिवा, तर ती चूक वेळच्या वेळी पुसली जाते. खूण नसेल तर चुका साचत जातात, 'समोर' हळूहळू सरकत राहतं, आणि माणूस पूर्ण खात्रीने गोल फिरतो.

ही खात्रीच माणसाला गाफील ठेवते. आतून काहीही चुकल्यासारखं वाटत नाही, म्हणून तोच दगड पुन्हा दिसला की दगडानेच काहीतरी केलं असं वाटतं.

पटत नसेल तर मोकळ्या मैदानावर करून बघा. एखाद्या धुळीच्या मैदानात मित्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधा आणि समोरच्या खांबाकडे सरळ चालायला सांगा. पाठीमागून फक्त लक्ष ठेवा, आवाज देऊ नका, कारण आवाज ही सुद्धा खूण होते. मग धुळीत उमटलेल्या पावलांकडे पाहा. आधीची आठ-दहा नीट असतात. पुढे टाचेचा ठसा किंचित कलायला लागतो, आणि पट्टी काढल्यावर मित्राचं तोंड खांबाऐवजी भलतीकडेच असण्याची शक्यता मोठी.

सह्याद्रीची ठेवणच तशी

सह्याद्रीत या साऱ्याला जमिनीची साथ मिळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. थर जवळजवळ आडवेच राहिले. कठीण थराचा कडा झाला, ठिसूळ थराचा उतार आणि पदर, म्हणजे मधली सपाटी. त्यामुळे आपला डोंगर उतरताना कडा, पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर अशी रचना भेटते, आणि दोन पदरांवरची झाडी, दगड, माती सारखीच असते. 'तोच दगड' कधीकधी खरोखर तोच नसतो, खालच्या पदरावरचा त्याचा जुळा भाऊ असतो. आणि तोच असतो तेव्हा तो मघाशी दुसऱ्या बाजूने पाहिलेला असतो, म्हणून ओळख पटत नाही. वाट जाताना वेगळी दिसते आणि येताना वेगळी. अनुभवी भटके म्हणूनच चालताना अधूनमधून मान वळवून मागे बघून ठेवतात.

त्यात ढोरवाटा. गुरं उगाच चढउतार करत नाहीत. ती एका पातळीत आडवी चालतात आणि चरून दुसरीकडून परततात. त्यांच्या खुरांनी मळलेल्या वाटा माणसांच्या वाटांहून ठळक दिसतात. दमलेला माणूसही चढ टाळतो आणि आडव्या वाटेला लागतो. तिकोन्यासारख्या सुट्या उठलेल्या डोंगराच्या पदरात आडवं चालत राहिलं तर काय होणार? डोंगराला प्रदक्षिणा पडणार आणि आपण निघालो तिथेच येणार. इथे मेंदूची चूकही लागत नाही. प्रत्येक वळणावर वाट योग्यच वाटते आणि वर्तुळ डोंगर स्वतः पूर्ण करतो. चकव्याच्या गोष्टींतला मोठा वाटा या आडव्या वाटांचा असणार, असं माझं मत आहे.

उरलेलं कारवी करते. माणसाच्या उंचीहून वाढलेली कारवी दोन्ही बाजूंनी दाटली की आभाळाची फक्त एक पट्टी दिसते. पावसाळ्यात धुकं तीही पुसून टाकतं.

ओ दिली, पण कुणी?

चकव्याच्या बऱ्याच गोष्टींत आवाज असतो. कुणीतरी हाक मारतं, अगदी जवळून बोलणं ऐकू येतं, आणि त्या रोखाने गेलं की रान मोकळं. मार्को पोलोने तेराव्या शतकात मध्य आशियातल्या लोप वाळवंटाबद्दल हेच लिहून ठेवलं आहे. मागे रेंगाळलेल्या प्रवाशाला भुतं नावाने हाक मारतात आणि वाटेवरून दूर नेतात, असं त्याला तिथल्या लोकांनी सांगितलं.

वाळवंटात काही ठिकाणी खरंच वाळू गाते. कोरड्या, एकसारख्या आकाराच्या कणांचा थर टेकडीवरून घसरला की सगळे कण एका तालात थरथरतात आणि ढोलासारखी खोल घुमारी उठते. आपल्या डोंगरातलं कारण वेगळं आहे, हवेचं. उबदार हवेत आवाज जोरात धावतो, थंड हवेत जरा हळू, आणि त्यामुळे तो नेहमी थंड थराकडे वाकतो. दुपारी जमीन तापलेली असते, वरची हवा गार, म्हणून आवाज वर वाकून निघून जातो आणि पाचशे पावलांवरची हाकही विरते. रात्री उलटं. निरभ्र हिवाळी रात्री जमीन झपाट्याने निवते, थंड हवा दरीच्या तळाशी साचते आणि वरचा थर तुलनेने उबदार राहतो. आता आवाज खाली वाकतो आणि दरीतच कोंडून राहतो. मुळशीच्या खोऱ्यात पलीकडच्या वाडीतलं बोलणं, कुत्र्याचं भुंकणं, भजनाचे टाळ कानाशी आल्यासारखे वाटतात ते यामुळे. त्यात समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी आला की दिशाही फसते. हाकेच्या रोखाने चालणारा माणूस कड्याकडे चाललेला असू शकतो.

मागे कुणीतरी आहे

दमलेल्या, घाबरलेल्या माणसाला आणखी एक अनुभव येतो. कुणीतरी मागून चालतंय. १९१६ साली अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्याचे दोन सोबती दक्षिण जॉर्जिया बेटावरचे बर्फाळ डोंगर सलग ३६ तास चालून ओलांडत होते. आपल्यासोबत चौथा कुणीतरी आहे असं तिघांनाही वाटत होतं, हे त्यांनी नंतर एकमेकांना सांगितलं. हे कणखर, अनुभवी लोक होते.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ओलाफ ब्लांके या मेंदूशास्त्रज्ञाच्या गटाने २०१४ मध्ये ही जाणीव प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवली. डोळे बांधलेल्या माणसाने समोरचा दांडा हाताने हलवायचा आणि मागचं यंत्र त्याच हालचालीने त्याच्या पाठीला स्पर्श करणार. दोन्ही एकाच वेळी झालं तर आपणच आपल्या पाठीला हात लावतोय असं वाटतं. स्पर्श अर्धा सेकंद उशिरा आला की मागे कुणीतरी उभं असल्याचं भासू लागतं. काहींना ते इतकं नकोसं झालं की त्यांनी प्रयोग थांबवायला सांगितलं. आपलं शरीर कुठे आहे याचा मेंदूतला हिशेब जरासा निसटला की स्वतःचीच चाहूल परक्याची होते, असा याचा अर्थ लावतात. थकवा, तहान आणि जागरण एकत्र आल्यावर तो हिशेब निसटणं अगदी शक्य आहे.

कधीकधी तर ते दिसतंही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी सूर्य पाठीशी आणि दरीत धुकं असताना आपलीच सावली धुक्यावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडं उमटतं. हे इंद्रवज्र. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली त्याची नोंद १८३५ सालची आहे. सावली धुक्याच्या खोलीत पसरते आणि तिचं अंतर कळत नाही, म्हणून ती राक्षसी मोठी वाटते.

उजाडेपर्यंत बसा

चकवा लागला तर काय करायचं? जुनी माणसं सांगतात: आहे तिथे बसायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. हा उपाय ऐकून शहरातली मुलं निराश होतात. पण सोमानचा प्रयोग आठवला तर याहून चांगला उपाय सुचत नाही. वाट हरवते ती दूरची खूण नाहीशी झाल्यामुळे, आणि उजाडल्यावर सूर्य व डोंगराच्या कडा या दोन्ही खुणा परत मिळतात. रानात पिढ्यान्पिढ्या वावरलेल्या माणसांनी हे जीवघेण्या अनुभवातून शिकलेलं आहे. हिंजवडीचंच बघा. गावाचं ग्रामदैवत म्हातोबा. चैत्र पौर्णिमेला त्याच्या उत्सवात इथून वाकडला जाणाऱ्या बगाडाचं लाकूड आजही मुळशीच्या रानातून येतं. आयटी पार्क येण्याच्या कितीतरी आधीपासून या गावची माणसं त्या रानात जाऊन सुखरूप परतत आली आहेत. त्यांचा शब्द हलक्यात घेऊ नये.

आभाळ मोकळं असेल तर रात्रीही खूण मिळते, पण इथे एक अडचण आहे. ध्रुवतारा जितक्या उत्तर अक्षांशावर आपलं गाव, तितक्याच अंश उंचीवर दिसतो. पुणे साडेअठरा अंशांवर, त्यामुळे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर असतो आणि उत्तरेला डोंगर असला की आडच जातो. हिवाळ्यात त्याहून सोपा मृगाचा बाण. ते एका ओळीतले तीन तारे जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतात आणि पश्चिमेला मावळतात.

चौकट: वाट चुकल्यासारखं वाटलं तर
पहिल्या शंकेलाच थांबा. पाणी प्या, काहीतरी खा, आणि शेवटची खात्रीची जागा कोणती होती ते सगळ्यांनी मिळून आठवा. उजेड असेल आणि ती जागा जवळ असेल तरच मागे फिरा. गट फोडू नका. पाण्याच्या ओढ्याने खाली उतरू नका, आपल्याकडचे ओढे कड्यावरून कोसळतात. अंधार किंवा धुकं असेल तर कड्यापासून लांब, वाऱ्याआड बसा.

मोबाइलचंही थोडं सांगायला हवं. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, उपग्रहाचे संकेत लागतात. नेटवर्क गेल्यावर नाहीसा होतो तो नकाशा, आपलं स्थान नव्हे. म्हणून नकाशा घरूनच उतरवून घ्यावा. उंच कड्याच्या पोटाशी मात्र संकेत दगडावर आपटून उशिरा पोचतात आणि पडद्यावरचा ठिपका पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे उड्या मारतो. दरीच्या काठावर एवढी चूक फार मोठी असते.

मदत मागायची असेल तर ती बसल्या जागेवरूनच मागावी. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथकं हाक आली की रात्रीअपरात्री निघतात, पण त्यांना शोधायचं क्षेत्र तुमच्या पावलांनी वाढतं. ताशी तीन किलोमीटरने कुठल्याही दिशेला एक तास चाललेला माणूस सुमारे २८ चौरस किलोमीटरांत कुठेही असू शकतो. आणखी तासभर चालला तर ११३ चौरस किलोमीटरांत. फोन लागला की आधी शेवटची खात्रीची जागा, तिथून निघाल्याची वेळ आणि आता आजूबाजूला काय दिसतंय ते सांगावं, मग स्थान पाठवावं, आणि बॅटरी वाचवण्यासाठी फोन बंद करून पुन्हा कधी सुरू करणार ती वेळ ठरवून घ्यावी.